परसातील कचरा व छपरावरील पाणी : दोहोंचा मेळ

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरज स्थानकातून लातूरकडे पाण्याची आगगाडी रवाना झाली, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व प्रत्येक टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. कृष्णेचे ते पाणी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर पोहोचले, त्याचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

आता एक साधा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. विश्रामबागेत १२५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेतेराशे चौरस फूट गच्चीचे घर काही अपूर्वाईचे नाही. वर्षाचा पाऊस हात राखून ५०० मिलिमीटर धरला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाया जातो असे मानले, तरी हाती ५० हजार लिटर उरतात. लातूरला गेलेल्या गाडीची एक पुरी टाकी दर पावसाळ्यात अशा एकेका गच्चीवर उतरते व पन्हाळीवाटे गटारास मिळते. त्याच घराच्या कुंपणाशी फाल्गुन-चैत्रात पानगळीचा ढीग पेटविलेला दिसतो. खेदाची गोष्ट अशी की, उसाचे पाचट जाळू नका असे गावोगाव सांगत फिरणारे आम्ही लोकही या दोन्ही बाबतींत निर्दोष नाही.

प्रथम खताचा विचार करू. उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसविली आणि १९३१ साली दोघांच्या नावे तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हॉवर्डसाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. वाडांचे नाव मराठी शेतकऱ्यांतही फारसे कोणी घेत नाही. पुढे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची ‘नाडेप’ पद्धत दिली. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविता येतो, हा तिचा मोठा गुण. ज्या घरी आता जनावर उरलेले नाही, त्या घरास हे विशेष उपयोगी आहे.

इंदूर पद्धतीतील एक बारकावा मी स्वतः विसरलो व त्याची शिक्षाही भोगली. पदवी घेऊन आलेल्या माणसाने खड्डा काढावयाचा तो ऐन आषाढात काढला! काळ्या जमिनीत पाणी मुरेना, खड्डा तुडुंब भरला, आतील कचरा कुजण्याऐवजी सडला आणि शेजाऱ्यांनी नाकास पदर लावला. कोरड्या दिवसांत खड्डा व पावसाळ्यात जमिनीवर ढीग, असे त्या पद्धतीत स्पष्ट सांगितले आहे. कचऱ्यास जितके पाणी हवे तितकीच हवाही हवी. मूठभर कचरा पिळून पाहावा. हात ओला व्हावा, पण धार लागू नये. स्वयंपाकघरातील एक टोपली ओल्या कचऱ्यास दोन-तीन टोपल्या वाळलेला पाला घालावा, वर थोडी माती व शेणकाला शिंपडावा, आणि तीन महिन्यांत दोन-तीन वेळा ढीग वरखाली करावा. गाजरगवत घालावयाचे असल्यास फुलावर येण्यापूर्वीच घालावे. असे खत परसबागेस पुरून उरेल. एकरभर उसास मात्र ते पुरणार नाही, आणि पुरेल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

पाण्याच्या बाबतीत माझे मत प्रचलित उपदेशाहून थोडे निराळे आहे. छपराचे पाणी जमिनीत मुरवा, असा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या कोरड्या भागांत तो मोलाचा आहे. परंतु कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात, जेथे अतिपाण्याने जमिनी चोपण व खारपड झाल्या आहेत आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी आधीच वर असते, तेथे शोषखड्डा काढून काय साधणार? त्यात पाणी तसेच उभे राहील. अशा ठिकाणी पाणी साठवून वापरणे अधिक शहाणपणाचे होय. याचे आणखी एक कारण आहे. कूपनलिकेच्या मचूळ पाण्यातील क्षार वाफ्यात मागे राहतात व साचत जातात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्याने वाफा धुतला जातो. मेथी-कोथिंबिरीच्या पानांच्या कडा करपत असतील, तर खत वाढविण्यापूर्वी पाणी बदलून पाहावे.

टाकी केवढी असावी? दहा चौरस मीटर भाजीच्या वाफ्यास दररोज साधारण ४० लिटर पाणी धरल्यास २,००० लिटरची टाकी ५० दिवस पुरते. पावसाळ्यातील उघडिपीत ती पुनःपुन्हा भरते. परतीच्या पावसाने शेवटची भरली की मार्गशीर्षापर्यंत साथ देते. तिच्या भरवशावर उन्हाळी भाजीचा बेत करू नये. वाफ्यात कुजलेले खत मिसळून वर पाल्याचे आच्छादन केले तर ओल अधिक टिकते व तेच पाणी अधिक दिवस पुरते. म्हणूनच ही दोन कामे निरनिराळी मानू नयेत, असे मी म्हणतो. माझ्या पाहण्यात अशी घरे आहेत की जेथे टाकी बांधली, पण वाफा उघडाच राहिला. दोन दिवसांत पाणी उडून जाई आणि मग टाकीस दोष दिला जाई.

पहिल्या एक-दोन सरींचे धुळीचे पाणी टाकीत घेऊ नये. टाकीचे तोंड बारीक जाळीने घट्ट झाकावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. मोरीचे पाणी टाकीत सोडू नये; आपल्या आया-आज्यांनी ते केळीच्या व अळूच्या बुंध्यास दिले, तेथेच ते शोभते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्ते बंधुभगिनींस एकच विनंती आहे. पुढील सभेत या विषयावर बोलण्यापूर्वी आपल्या घराच्या गच्चीचे माप घ्यावे, आणि वळवाच्या पहिल्या पावसात पन्हाळीखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहावे.