फायरवॉल : कधी उघडावी, कधी मिटावी

अलिबाग ते श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पाऊस लागला की ब्रॉडबँड खंडित होणे नवीन नाही. ऐन जीएसटी भरण्याच्या दिवशी पान उघडत नाही आणि कोणीतरी सुचवितो, ‘फायरवॉल बंद करून पाहा.’ हा सल्ला सर्वथा चुकीचा नाही. परंतु तो शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.

प्रथम उपकरणावरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला असेल, तर दोष बहुधा फायबरच्या तारेत आहे. नंतर त्याच वायफायवर मोबाईल चालवून पाहावा. तोही चालत नसेल, तर संगणकाची फायरवॉल निर्दोष समजावी. अडचण एकाच संगणकावर असेल, तरच हिशेबाची व बँकेची कामे मिटवून ती क्षणभर बंद करावी, एक पान उघडून पाहावे आणि लगेच पुन्हा सुरू करावी. पान उघडले, तर फायरवॉलचे मूळ नियम पूर्ववत करावेत. राउटरची फायरवॉल मात्र बंद करू नये.

२७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यात उरणजवळील न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरला व पुढे एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. धोका केवळ बाहेरून येत नाही, शेजारच्या संगणकावरूनही येतो. ज्या संगणकात पेढीच्या वह्या आहेत, त्याचे दार तपासणीनंतर उघडे राहता कामा नये.