बुलढाण्यात मेडिकल कॉलेज आलं, पण मशीनजवळ कोण उभं राहणार?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ आणि आपलं बुलढाणा. बुलढाण्यात एमबीबीएसच्या १०० जागा. तेव्हापासून कुठेही पालक भेटले की एकच प्रश्न असतो : "सर, आपल्या पोराचा नंबर लागेल का?"

प्रश्न रास्तच आहे. पण १०० जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्यांसाठी अख्ख्या महाराष्ट्रातली मुलं रांगेत असतात. २०१८ पासून नीट उर्दूतूनही देता येते, ही चांगली गोष्ट. तरीही आपल्या तेरा तालुक्यांतल्या शेकडो मुला-मुलींसाठी नीटचा निकाल म्हणजे दरवाजा बंद. मग पुढे काय? मग कोणी डीएमएलटी करतो, कोणी एक्स-रे टेक्निशियन होतो, कोणी डायलिसिसचा किंवा ऑपरेशन थिएटरचा कोर्स करतो, कोणी दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही गावातल्या लॅबमध्ये डोकावा, आपल्या समाजाचे तरुण दिसतील.

या मुलांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. डॉक्टर झाला की सत्कार, टेक्निशियन झाला की "चला, कुठंतरी लागला". पण गेल्या आठ-दहा वर्षांत आरोग्य क्षेत्रात सगळ्यात जास्त उलथापालथ झाली ती याच कामात. ती समजून न घेता आपण मुलांना या लाइनमध्ये ढकलत राहिलो, तर त्यांचं नुकसान होणार आहे.

दहा वर्षांत काय काय बदललं

पहिला धक्का कोर्टाचा. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. त्याआधी तालुक्याच्या गावात डीएमएलटी झालेला मुलगा स्वतःची लॅब टाकायचा, स्वतःच तपासायचा, स्वतःच सही करायचा. अनेक कुटुंबं त्यावर उभी राहिली. आता काहींनी पॅथॉलॉजिस्टशी रीतसर जोडून घेतलं, काही मोठ्या कंपन्यांचं कलेक्शन सेंटर झाले, काहींनी शटर खाली ओढलं. काहींनी सही भाड्याने घेण्याची वाट धरली. ती वाट धोक्याची आहे, कायद्यानेही आणि अल्लाहसमोरही.

दुसरा बदल मोठ्या लॅबचा. २०१७ मध्येच राज्य सरकारने एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत 'महालॅब' योजना आणली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घ्यायचं, गाडीने मोठ्या लॅबला पाठवायचं, रिपोर्ट परत. रुग्णाला तपासणी फुकट मिळते. गरिबाचा यात फायदाच आहे. पण छोट्या लॅबवाल्याचं काम आटलं आणि 'तपासणारा' टेक्निशियन बऱ्याच ठिकाणी 'नमुना घेणारा' झाला.

तिसरा बदल कायद्याचा. २०२१ मध्ये संसदेने 'राष्ट्रीय संलग्न व आरोग्य व्यवसाय आयोग कायदा' मंजूर केला. या कायद्याने लॅब, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी असे दहा गट पाडले आणि त्यांत एक गट आरोग्य माहिती व्यवस्थापनाचाही ठेवला. म्हणजे दवाखान्यातली नोंद सांभाळणं हा आता कायद्याने मान्य असलेला आरोग्य व्यवसाय आहे. सोबत अटही आली : डिप्लोमा किंवा पदवी किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत पूर्ण केलेली, आणि वरच्या दर्जाच्या 'हेल्थकेअर प्रोफेशनल'साठी किमान ३६०० तासांची पदवी. सहा महिन्यांत 'टेक्निशियन' बनवणाऱ्या दुकानांना यात जागा नाही.

चौथा बदल स्क्रीनचा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, १४ आकडी 'आभा' नंबर आला. ई-संजीवनीवर गावातून डॉक्टरचा सल्ला मिळू लागला. एक्स-रेची डार्करूम, डेव्हलपर-फिक्सरचे टब, वाळत टांगलेल्या फिल्म्स हे सगळं इतिहासजमा होत चाललंय. आता फोटो थेट कॉम्प्युटरवर येतो आणि तालुक्याला काढलेला एक्स-रे पुण्यात बसलेला रेडिओलॉजिस्ट वाचू शकतो.

आणि पाचवा, ज्याची सध्या सगळीकडे चर्चा आहे, तो एआय. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की १५ वर्षांवरील लोकांच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी कॉम्प्युटरने वाचला तरी चालेल. ७ डिसेंबर २०२४ पासून देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची टीबी मोहीम झाली, तेव्हा हातात उचलून नेता येणारी एक्स-रे मशीन्स आणि एआय घेऊन पथकं वस्त्यांमध्ये फिरली.

मशीन मोजतं, समजून घेतो माणूस

हे वाचून कोणी म्हणेल, मग या लाइनमध्ये जायचंच कशाला? थोडं थांबा. आधी रोजच्या कामातल्या काही गोष्टी पाहू.

डेंग्यूचा सीझन आहे. मशीनने प्लेटलेट मोजले, आकडा आला वीस हजार. घरात रडारड सुरू. पण काही जणांच्या रक्तात, नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन त्या गुठळ्यांना मोजतच नाही. चांगला टेक्निशियन आकडा छापण्याआधी काचेवर थेंब पसरवून मायक्रोस्कोपखाली पाहतो, शंका आली तर डॉक्टरला सांगून दुसऱ्या प्रकारच्या नळीत परत रक्त घेतो. तेवढ्याने एका कुटुंबाची रात्रीची अकोल्याची धावपळ वाचू शकते.

रमजानमध्ये शुगरचा पेशंट सकाळी नऊला येतो आणि म्हणतो, "उपाशी आहे, रोजा आहे." पण सेहरी करून चार तासच झालेत. उपाशीपोटीच्या शुगरला किमान आठ तास लागतात. रोजा म्हणजे काय, सेहरी किती वाजता झाली, हे विचारणारा माणूस समोर असेल तर रिपोर्ट खरा येतो. नाहीतर आकडा मशीनने बरोबर दिलेला असतो आणि इलाज चुकतो.

तिसरं उदाहरण आपल्या आया-बहिणींचं. छातीचा एक्स-रे काढायचाय, गळ्यात धातूच्या डबीतला तावीज आहे. फोटोत नेमका फुफ्फुसावर पांढरा ठिपका येतो. कोणी वसकन "काढा ते" म्हटलं की बाई गप्प बसते किंवा परत निघून जाते. तिथं एखादी मुलगी टेक्निशियन असेल, तिने "अम्मी, दोन मिनिटं हातात धरा, लगेच घालून देते" म्हटलं, तर काम होतं. खोकला दोन महिन्यांपासून अंगावर काढणाऱ्या किती बायका आपल्या मोहल्ल्यात आहेत, ते तुम्हालाही माहीत आहे. एआय फोटो वाचेल, पण बाईला मशीनपर्यंत आणायला माणूसच लागतो. आपल्या मुलींनी या क्षेत्रात यावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

नवी मशीन्स आली की जुनी बटणं विसरावी लागतात. शरीर कसं चालतं, नमुना का बिघडतो, रुग्ण का घाबरतो, हे ज्याला कळतं त्याला नवं मशीन शिकायला फार वेळ लागत नाही. ज्याने फक्त बटणं पाठ केली, त्याची नोकरी मशीनसोबत जाते.

याचा मोठा धडा राज्याने २०२२ मध्ये पाहिला. सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये अनेक वर्षं चाललेली कॉम्प्युटर प्रणाली कंपनीसोबतच्या करारातल्या वादामुळे त्या वर्षी बंद पडली आणि मोठमोठी रुग्णालयं पुन्हा कागद-पेनावर आली. ज्यांना फक्त तो एक स्क्रीन येत होता ते अडकले. केसपेपर म्हणजे काय, कोणती नोंद कशासाठी असते, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी काम रेटलं.

शेगाव तालुक्याने काय दाखवलं

आपल्याच जिल्ह्याचं अगदी ताजं उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. देशभरातले कॅमेरे गावात. बाहेरचे लोक या गावांकडे संशयाने पाहू लागले.

आयसीएमआरची पथकं आली; रक्त, केस, पाणी यांचे नमुने गोळा झाले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः गावांत येऊन नमुने घेतले. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं दिसलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांची नावं पेपरात आली, ती यायलाच हवीत. पण कोणीतरी त्या नळ्यांवर नाव-गाव नीट लिहिलं, नमुना योग्य तापमानात ठेवला, मशीन तपासून मग लावलं. त्यातली एक कडी जरी ढिली पडली असती तर अफवाच खरी ठरली असती. लोकांच्या मनातली भीती पुराव्याने दूर करणं ही साधी खिदमत नाही. या कामाला अर्थ काय, असं विचारणाऱ्या तरुणांनी शेगाव तालुका आठवावा.

ओटीपीच्या खिडकीवर

आभा कार्ड, जन आरोग्य योजना, ऑनलाइन केसपेपर, या सगळ्यामुळे दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांची संख्या वाढतेय. आपल्या समाजात मात्र आधार आणि ओटीपी म्हटलं की लोक बिचकतात. कागदांबद्दलची ही भीती कुठून आली, हे वेगळं सांगायला नको. खिडकीमागचा माणूस "लवकर ओटीपी सांगा" एवढंच म्हणत असेल तर भीती वाढणारच.

आभा काढणं ऐच्छिक आहे. कोणती माहिती कोणाला दाखवायची ही परवानगी रुग्णाची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीलाच महत्त्व देतो. हे उर्दू-मराठीत, सोप्या शब्दांत सांगू शकणारा ऑपरेटर हा निव्वळ टायपिस्ट राहत नाही. आपल्या दोन भाषा येणाऱ्या मुलांची हीच ताकद आहे, आणि ती कुठल्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत.

गोड बोलणं पुरेसं नाही

खिदमत, अर्थ वगैरे ठीक, पण घर चालायला पगार लागतो. इथली परिस्थिती कडू आहे. आरोग्य अभियानातले बहुतेक तंत्रज्ञ कंत्राटी आहेत. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करा म्हणून संपावर जावं लागलं. कोविडमध्ये पीपीई किट घालून स्वॅब घेणारे हेच लोक होते. मशीनला कोट्यवधी आणि मशीन चालवणाऱ्याला अकरा महिन्यांचा करार, हा सरकारचा हिशेब चुकीचा आहे. नव्या मेडिकल कॉलेजमध्ये तरी तंत्रज्ञांची पदं मंजूर होऊन कायमस्वरूपी भरली जावीत, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आतापासून लावून धरली पाहिजे. एमबीबीएसच्या जागांसाठी निवेदनं देणाऱ्यांनी या पदांसाठीही एक निवेदन द्यावं.

दुसरी फसवणूक खासगी आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी, ते हातगाडी लावतात, कर्ज काढून त्याला एका संस्थेत दीड वर्षाचा कोर्स करवला. सर्टिफिकेट रंगीत, होलोग्रामवालं. नोंदणीला गेला तेव्हा कळलं की त्या बोर्डाला मान्यताच नाही. आता तो दुसऱ्याच्या लॅबमध्ये कमी पगारावर रक्त गोळा करतो. हुशार पोरगा, हात हलका. त्याच्या मेहनतीत काही कमी नव्हती.

म्हणून प्रवेशाआधी चार गोष्टी विचारा. एक, कोर्स नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा, दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा किंवा शासनमान्य मंडळाचा आहे का? दोन, त्यावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये आणि पुढे नव्या कायद्याखाली नोंदणी होईल का? तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. तीन, एकूण तास किती आणि त्यातले खऱ्या रुग्णालयातले किती? चार, डिप्लोम्यानंतर पदवीला जाता येतं का? आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी ही तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी पदवी आहे. ज्याला शक्य आहे त्याने तिकडेच बघावं. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. एजंटच्या खासगी कर्जापेक्षा ते कधीही बरं.

जे आधीच या कामात आहेत, चाळिशीला आलेत, त्यांनाही सांगणं आहे. नोंदणीचे कागद आजच तपासून ठेवा. दवाखान्यात नवं मशीन आलं की कंपनीचा इंजिनियर बसवायला येतो, त्याच्या बाजूला उभे राहा, विचारा, वहीत लिहून घ्या. आणि मोहल्ल्यातला एखादा मुलगा-मुलगी या लाइनमध्ये येत असेल तर त्याला खरं सांगा : पगार किती, रात्रपाळी कशी, कोणता कोर्स खरा.

बारावीचा निकाल लागला की चौकाचौकांत "१०० टक्के नोकरी"चे फ्लेक्स लागतात. अंजुमन, शाळांचे माजी विद्यार्थी आणि मशिदींच्या कमिट्यांनी निकालाआधीच एक दिवस ठरवून जिल्ह्यातल्या कामावर असलेल्या तंत्रज्ञांना मुलांसमोर बसवावं. सत्कार नको, हार नको. मुलं प्रश्न विचारतील आणि ते उत्तरं देतील. त्या दिवशी पालकांनीही यावं, कारण फी त्यांच्या खिशातून जाणार आहे.