ओला गोणपाट आणि गप्प डॉक्टर

कुत्र्याची नसबंदी केली की पिल्लांची कटकट मिटली, एवढाच हिशेब आपण धरतो. या ऑपरेशनचा लघवीशीही संबंध असू शकतो हे पडवीतला गोणपाट रोज सकाळी ओला सापडायला लागला तरी लक्षात येत नाही. मग मादीला ओरडा बसतो किंवा तिची रवानगी खळ्यात होते. खरं तर ती घाण करत नसते, झोपेत तिच्या नकळत लघवी गळत असते. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू काही माद्यांमध्ये सैल पडतात. 1989 साली स्वित्झर्लंडमध्ये ऑपरेशन झालेल्या 412 माद्यांची पाहणी झाली, तेव्हा पाचातल्या एकीला हा त्रास आढळला. 20 किलोपेक्षा जड माद्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं, हलक्या माद्यांत जेमतेम 9. म्हणजे आपल्या आटोपशीर गावठी मादीला धोका कमी, हौसेने आणलेल्या डॉबरमनला जास्त. गळती अनेकदा काही वर्षांनी सुरू होते, त्यामुळे तिचा ऑपरेशनशी संबंध कुणी जोडतही नाही. चिपळुणात जूनपासून चार महिने धड कपडे वाळत नाहीत. तिथे ओल्या गोणपाटावर निजणाऱ्या जनावराच्या कातडीला चट्टे उठायला कितीसा वेळ लागणार?

नराच्या बाबतीत अपेक्षाभंग उलट बाजूने होतो. ऑपरेशन झालं, आता हा स्कूटरच्या चाकावर तंगडी वर करणार नाही, असं मालक धरून चालतो. अमेरिकेत 1976 साली 42 नरांवर झालेल्या अभ्यासात भटकणं दहापैकी नऊ जणांचं कमी झालं, पण घरात जागोजागी मुतून खूण करणं सुमारे निम्म्यांचंच. ही खोड संप्रेरकांइतकीच सवयीचीही असते. म्हणून बाजारपेठेतल्या दुकानदाराने पायरी ओली दिसली म्हणून ‘नसबंदी फसली’ असा निकाल देऊ नये. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकं कुत्रं ऑपरेशन आणि लसीनंतर त्याच गल्लीत परत सोडायचं असतं. त्या मोहिमेचं यश पुढच्या हंगामातल्या पिल्लांवरून मोजायचं, टायरवरून नव्हे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सगळं आधी सांगितलं तर लोक ऑपरेशनच करणार नाहीत. भीती अगदीच खोटी नाही. पण गप्प राहिल्याने गळती थांबत नाही, फक्त दोष जनावराच्या माथी जातो. आणि सांगायचंच तर दोन्ही बाजू सांगाव्यात. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींनुसार ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा आजार गाठतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. गळती जिवावर बेतत नाही, बहुतेक माद्यांची ती औषधाने आटोक्यात येते. पाणी तोडणं हा मात्र उपाय नव्हे, त्याने लघवी घट्ट होऊन त्रास वाढतो. नसबंदीनंतर घरी पाठवताना डॉक्टरांनी हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. सोबत एवढंही लिहावं की दिवसभरात लघवीच झाली नाही, कुंथावं लागलं किंवा रक्त दिसलं, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता कुत्र्याला घेऊन या.