झेंड्यापायी अडलेला खेळ

वर्ल्ड कप आला की रात्ररात्र जागणारी मंडळी आपल्याकडे घरोघरी असतात. पण हिंदी महासागरातली चिमुकली बेटं दर चार वर्षांनी आपापसात फुटबॉल खेळतात, हे फारसं कुणाच्या गावीही नसतं. मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स, मालदीव, कोमोरोस ही स्वतंत्र राष्ट्रं आणि रियुनियन, मायोत ही फ्रान्सच्या ताब्यातली बेटं, असे हे सात शेजारी. १९७९ साली रियुनियनमध्ये त्यांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. त्यात खेळ बरेच असतात, फुटबॉल त्यातलाच एक. २०१९ मध्ये यजमान होता मॉरिशस. (कोकणातून गेलेल्यांची मराठी घरं आजही तिथे आहेत.) त्या वर्षी अंतिम सामन्यात मॉरिशस पेनल्टीवर रियुनियनकडून हरला.

मला मात्र या स्पर्धेतल्या गोलांपेक्षा झेंड्याची गोष्ट जास्त बोलकी वाटते. २०१५ साली रियुनियनमध्ये उद्घाटनाच्या संचलनात मायोतचे खेळाडू फ्रेंच झेंड्यामागून चालले. झालं! कोमोरोसनं अख्खं पथक परत बोलावलं. मायोतच्या संघानं फुटबॉलची अंतिम फेरी गाठली, तोवर कोमोरोसच्या पोरांचा खेळ केव्हाच आटोपला होता.

एवढं काय झेंड्याचं, असं आपण म्हणू. पण ही भावकी जुनी आहे. मायोत आणि कोमोरोसची तीन बेटं पूर्वी एकाच फ्रेंच वसाहतीत होती. १९७४ साली मतदान झालं, तेव्हा तीन बेटांनी स्वातंत्र्य मागितलं, मायोतनं नाही. १९७५ मध्ये कोमोरोस स्वतंत्र झाला, मायोत फ्रान्सकडेच राहिलं आणि २०११ पासून तर तो फ्रान्सचा रीतसर जिल्हाच झाला. कोमोरोस आजही म्हणतो, हे बेट आमचं.

आणि यात बायकांचा हात केवढा मोठा! साठच्या दशकात राजधानी मायोतमधून मोरोनीला हलवली गेली, तशा इथल्या नोकऱ्या गेल्या, बाजार बसला. त्याची झळ बायकांच्या चुलीपर्यंत पोचली. मग झेना म्डेरे आणि तिच्या सोबतिणींनी एक अजब हत्यार काढलं. दुसऱ्या बेटावरचा पुढारी आला की त्याला घेरायचं आणि गुदगुल्या करून करून पळवून लावायचं! इतिहासात त्यांची ओळखच ‘गुदगुल्या करणाऱ्या बायका’ अशी आहे. वाचताना हसू येतं, पण मायोत वेगळं राहिलं त्यात या बायकांचा वाटा खरोखरच मोठा.

त्या रेषेची किंमतही आज बायकाच मोजताहेत. १९९५ साली फ्रान्सनं कोमोरोसच्या लोकांना व्हिसा सक्तीचा केला. तेव्हापासून अंजुआन बेटावरून रात्री लहान होड्यांत दाटीवाटीनं बसून लोक सुमारे ७० किलोमीटर समुद्र ओलांडतात. त्यात दिवस भरत आलेल्या गरोदर बायकाही असतात. पलीकडे दवाखाना बरा, आणि बाळाला पुढेमागे फ्रेंच नागरिकत्व मिळेल ही आशा. २०१२ पर्यंत सात ते दहा हजार माणसं त्या पाण्यात गेली असावीत, असा अंदाज फ्रान्सच्याच सिनेटच्या अहवालात आहे. २०२५ मध्ये मायोतपुरता नागरिकत्वाचा कायदा आणखी कडक झाला. पण घरी धड बाळंतपणाची सोय नसेल, तर नुसत्या कायद्यानं या होड्या थांबतील असं मला काही वाटत नाही.

मायोतला फिफाचं सदस्यत्व नाही. म्हणजे वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत किंवा आफ्रिका कपमध्ये मायोतचा म्हणून संघच नाही. जानेवारी २०२२ मध्ये कोमोरोसनं आफ्रिका कपमध्ये बलाढ्य घानाला ३-२ असं हरवलं, तेव्हा चौथ्याच मिनिटाला पहिला गोल केला एल फार्दू बेननं. त्याचा जन्म मायोतचा.