अनुदान बॅटरीला, धूळ आमच्या छातीला



सरकारला ट्रकची दया आलीय. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकसाठी ५०० कोटी रुपये बाजूला काढलेत. जुलै २०२५ मध्ये त्याचे नियम आले. ५५ टनांपर्यंतच्या गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांची सूट. मुदत मार्च २०२८ पर्यंत. सिमेंट, पोलाद, बंदरं, मालवाहतूक यांचं यात भलं होईल, असं सरकारनंच सांगितलंय. म्हणजे आमचा घुग्घुस-राजुऱ्याचा काळा रस्ता त्यात आलाच. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा निघतो, चुनखडी निघते, आणि दोन्ही ट्रकवर लादून जातात.

मी विजेच्या ट्रकच्या विरोधात नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत डिझेल इंजिनाच्या उबेवर बसून ज्यानं खेपा मारल्या, त्याला धूर आणि आवाज कमी झालेला हवाच आहे. पण धूर वेगळा, धूळ वेगळी. धूळ चाकाखालून उडते, न झाकलेल्या हौद्यातून उडते. बॅटरी तिला काय अडवणार? आणि बॅटरी भरायची वीज कुठली? आमच्या उशाशी २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळसाच जाळतंय. नळीतला धूर चिमणीत गेला. छाती आमचीच.

आता पैसा कुणाच्या खिशात जातो ते बघा. जुना ट्रक भंगारात निघाल्याचं सर्टिफिकेट आणा, नव्याच्या किमतीत सूट घ्या. म्हणजे ट्रक ज्याचा, सूट त्याची. स्टिअरिंग ज्याच्या हातात, तो कंत्राटदाराचा माणूस. आज आहे, उद्या नाही. अख्खी योजना १०,९०० कोटींची. चार्जिंगला २,००० कोटी, गाड्या तपासणाऱ्या संस्था सुधारायला ७८० कोटी. ड्रायव्हर-फिटरला शिकवायला मात्र वेगळा रकानाच नाही. नोजल, पंप, फिल्टर यांवर ज्या पोरांची चूल पेटते, त्यांनी उद्या काय करायचं? विजेच्या गाडीत यातलं काहीच नसतं.

हा हिशेब जुनाच आहे. कोल इंडियात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या आमच्या बापानं काय द्यायचं होतं? जमीनवाल्याला नोकरी, ट्रकवाल्याला सूट, आणि वस्तीला खोकला.

सरकारी पैसा मजुराकडे वळवता येतच नाही, असं कुणी सांगू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा १९४४ साली कोळसा खाण मजुरांचा कल्याण निधी उभा राहिला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर, आणि तो पैसा मजुराच्या घराला, पाण्याला, दवाखान्याला. इंग्रजांच्या राज्यात हे जमलं. आपल्या राज्यात का जमू नये?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. सूट द्या, पण अट घालून द्या. जो मालक ड्रायव्हरला कायम करील, हौदा झाकील, रस्त्यावर रोज पाणी मारील, त्यालाच सूट. डिझेल फिटरला आणि खाणगावच्या भूमिहीन पोराला विजेच्या गाडीचं काम पगारासकट शिकवा.

पैसा जनतेचा आहे. तो घेणाऱ्याला जाब विचारायला भीक मागावी लागत नाही. ग्रामसभेत उठा, तहसीलवर जा. ट्रक आपल्याच दारावरून जातो, हे विसरू नका.