मुलांचा ‘बीएमआय’ : आकडा एक, अर्थ वेगळे

पुणे, प्रतिनिधी – दहा वर्षांचा मुलगा. उंची १४० सेंटिमीटर, वजन ४३ किलो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच ‘बीएमआय’ मिळतो. या मुलाचा बीएमआय येतो २१.९. भारतीय प्रौढांमध्ये १८.५ ते २२.९ हा पल्ला योग्य समजला जातो. त्यामुळे पालक निश्चिंत होतात. तिथेच गफलत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या निकषांनुसार दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १८.५ च्या पुढे गेल्यास वजन अतिरिक्त, तर २१.४ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा मानतात. हाच २१.९ सोळाव्या वर्षी मात्र सर्वसाधारण ठरतो.

याचे कारण वाढीच्या स्वरूपात आहे. पहिल्या वर्षानंतर बीएमआय हळूहळू उतरतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत कमी होतो आणि पुन्हा चढू लागतो. पौगंडावस्थेत मुलगे आणि मुली यांची वाटचालही भिन्न असते. म्हणून मुलांसाठी एकच मर्यादा नसते. वय व लिंगानुसार आखलेल्या आलेखावर आकड्याचे स्थान पाहावे लागते. इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे आलेख प्रसिद्ध केले. प्रौढ वयातील २३ व २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या त्यातील दोन रेषा अतिरिक्त वजन आणि लठ्ठपणाची सूचना देतात.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्याच वेळी अतिरिक्त वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेले. उंचीच खुंटली असेल तर बीएमआय योग्य दिसूनही कुपोषण झाकले जाऊ शकते. दुसरीकडे, पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने वेगळेच वास्तव पुढे आणले. ही बालके ब्रिटिश बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी होती. मात्र त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. चरबी आणि स्नायू यांतला फरक बीएमआयला कळत नाही.

त्यामुळे हा आकडा निदान नव्हे, इशारा आहे. एका मोजमापापेक्षा दर सहा महिन्यांनी आलेखावर उमटणारी रेषा अधिक बोलकी असते. ती वरच्या पट्ट्यात सरकू लागली की बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वाढत्या वयात मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नाही. अनेकदा वजन स्थिर राखले तरी उंची वाढते तसा बीएमआय खाली येतो. शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची-वजन नोंदले जाते. त्या नोंदी आलेखावर उतरल्या नाहीत, तर ‘गुटगुटीत’ म्हणून कौतुक होणारे मूल आणि ‘लहानखुरे’ म्हणून दुर्लक्षिले जाणारे मूल, दोघांचीही वेळ निघून जाईल.