चेंडूची फेरी आणि नियमपुस्तकाचे मौन

१/८
महिलांचा सॉफ्टबॉल सामना. बेस रिकामे. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद होते. कॅचर चेंडू थेट पिचरला न देता तिसऱ्या बेसकडे फेकते. इनफिल्डमध्ये हातोहात फिरून तो पिचरकडे परततो, तोवर पुढची बॅटर आलेली असते. ही फेरी करायला सांगणारा नियम कोणता? कोणताच नाही.

२/८
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या ‘नाही’पाशी क्षणभर थांबावे, असे माझे मत आहे.

३/८
सॉफ्टबॉल १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जन्मला, तोही छपराखाली. बांधलेला बॉक्सिंगचा हातमोजा हा चेंडू, झाडूचा दांडा ही बॅट. जॉर्ज हॅनकॉक यांनी त्याला नियम दिले. चेंडूच्या फेरीचा रिवाज मात्र बेसबॉलकडून आलेला.

४/८
अमेरिकेत या फेरीला ‘अराउंड द हॉर्न’ म्हणतात. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला होण्यापूर्वी जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्नला वळसा घालत. हे नाव त्यावरून आले असे मानतात. जलमार्ग ओस पडला, शब्द मैदानावर उरला.

५/८
मग नियम कशाबद्दल बोलतात? वेळेबद्दल. सॉफ्टबॉलच्या प्रचलित नियमांत पिचरला पुढचा चेंडू टाकण्यासाठी साधारण २० सेकंद मिळतात. बेसबॉलच्या मेजर लीगने २०२३ मध्ये दोन बॅटरांमधील अवधी ३० सेकंदांवर आणला. रिवाजाने त्या चौकटीत अंग चोरून बसायचे.

६/८
शंभर वर्षांनी कुणी केवळ नियमपुस्तक वाचले, तर त्याला घड्याळ दिसेल. खेळाडूंचे हात सैल राखणारी, एका बळीचा आनंद साऱ्या इनफिल्डमध्ये वाटणारी फेरी दिसणार नाही. रिवाज कुणाला अडचणीचा झाला, की मगच नियम त्याची दखल घेतो.

७/८
फर्माने आणि सरकारी दफ्तरे वाचताना आपण हेच विसरतो. बंदीहुकूम सापडला की ‘प्रथा संपली’ असे लिहितो. वस्तुतः तो प्रथा जिवंत असल्याची साक्ष असू शकतो. उल्लेख नसला की ‘प्रथा नव्हतीच’ म्हणतो. माझ्या लघुप्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मीही या दोन्ही चुका केल्या होत्या.

८/८
याचा अर्थ पुराव्याविना काहीही मानावे, असा नव्हे. रिवाजालाही साक्षीदार लागतात : छायाचित्रे, आठवणी, वृत्तान्त, बोलीतले शब्द. ते शोधण्याचे कष्ट टाळायचे आणि ‘कागदावर नाही’ म्हणून विषय मिटवायचा, हा काटेकोरपणा नव्हे, आळस आहे. पुढच्या वेळी एखादा हुकूम वाचाल तेव्हा आधी विचारा : हे लिहून ठेवण्याची गरज कुणाला आणि का पडली?